‘टू’ की ‘आयएनजी’? आधी मराठीला विचारा

नागपूरच्या मिहानमधल्या एखाद्या कंपनीला पाठवलेला अर्ज असो की मुलाखतीनंतरची आभाराची मेल, शेवटची ओळ बहुतेक ठरलेली असते: ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.’ बाकी सगळं नीट आणि निरोपाच्या वाक्यात चूक. तिथे ‘मीट’ नाही, ‘मीटिंग’ हवं. लिहिणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं असं शाळेत शिकवलंय. शिकवलं ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं.

नागपुरात स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसची आणि अभ्यासिकांची कमी नाही. बँक असो की स्टाफ सिलेक्शन, इंग्रजीच्या पेपरात ‘वाक्यातली चूक शोधा’ हा प्रश्न भेटतो आणि त्यात जिरंड-इन्फिनिटिव्हची, म्हणजे आयएनजी आणि टू यांची, जोडी हमखास डोकं वर काढते. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे यादी. ‘एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड’ या क्रियापदांनंतर आयएनजी लावायचं. ‘वॉन्ट, होप, डिसाइड, रिफ्यूज’ यांच्यानंतर टू. रेन अँड मार्टिनच्या जाड पुस्तकावर पिढ्या पोसल्या, त्याही याच वाटेनं गेल्या. यादी परीक्षेपुरती तारून नेते. पण समोरचा माणूस बोलत असताना मनातल्या मनात यादी चाळायला कोणाला सवड असते?

दुसरी एक वाट आहे आणि ती मराठीतून जाते. इंग्रजीत जो भेद आपल्याला छळतो, तो मराठी माणूस आपल्या भाषेत रोज पाळतो. फक्त त्याचं तिकडे लक्ष गेलेलं नसतं.

दोन रूपं, दोन स्वभाव

‘रीड’ हे क्रियापद घेऊ. त्याची दोन रूपं आपल्या कामाची: ‘रीडिंग’ आणि ‘टू रीड’. पहिलं नामासारखं वागतं. ‘वाचन’ किंवा ‘वाचणं’ जसं वाक्यात कर्ता किंवा कर्म होऊन बसतं, तसंच तेही बसतं. मराठी व्याकरणात अशा रूपाला धातुसाधित नाम म्हणतात. दुसऱ्याला आपण हेत्वर्थक म्हणतो आणि हे नाव मोठं नेमकं आहे, कारण त्यात हेतू आहे, पुढे पाहणं आहे.

‘टू’चा इतिहासही तेच सांगतो. जुन्या इंग्रजीत हा ‘टू’ म्हणजे ‘कडे’ या अर्थाचं साधं शब्दयोगी अव्यय होतं आणि त्याच्यापुढचं क्रियापद चतुर्थीचा प्रत्यय घेऊन यायचं. म्हणजे आपल्या ‘वाचायला’मध्ये जो ‘ला’ आहे, त्याच जातीची ही रचना. पुढे प्रत्यय झिजून गेला आणि ‘टू’ तेवढा उरला. पण बोट दाखवायची त्याची खोड गेली नाही. ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘प्लॅन’, ‘प्रॉमिस’, ‘अग्री’ या सगळ्यांत कृती अजून पुढे आहे, व्हायची आहे. ‘रिफ्यूज’मध्येही ती पुढेच उभी असते, आपण तिला नाही म्हणतो, एवढंच.

आयएनजीचा स्वभाव वेगळा. ते कृतीकडे एक आख्खी वस्तू म्हणून पाहतं. वस्तू टाळता येते, संपवता येते, सोडता येते, पुढे ढकलता येते, तिचा आनंद घेता येतो. म्हणून ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’, ‘गिव्ह अप’, ‘पोस्टपोन’, ‘एन्जॉय’ यांच्यानंतर आयएनजी. ड्वाइट बोलिंजर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये साधारण हीच मांडणी केली होती: आयएनजी कृतीला वस्तुरूप देतं, टू तिला शक्यता म्हणून समोर ठेवतं. हा काही पाढा नव्हे, पण अंदाज बांधायला पक्का पाया आहे.

गोंधळाचं मूळ: ‘-ायला’

एवढं सरळ आहे तर मराठी माणूस अडखळतो कुठे? ‘-ायला’ या एका रूपाशी. ‘जायला सांगितलं’, ‘जायला नकार दिला’, ‘पोहायला शिकलो’, ‘पाणी भरायला विसरलो’ या चारही ठिकाणी इंग्रजीत टू येतो: ‘टोल्ड मी टू गो’, ‘रिफ्यूज्ड टू गो’, ‘लर्न्ड टू स्विम’, ‘फर्गॉट टू फिल’. चार वेळा गणित जुळलं की मन नियम करून टाकतं: ‘-ायला’ म्हणजे टू. वऱ्हाडी वळणाच्या बोलीत तर ‘मले पिच्चर पाहाले आवडते’ म्हणताना तो ‘ले’ ठळक ऐकू येतो आणि इंग्रजीत येताना बरोबर ‘टू’ घेऊन येतो.

मग पाचव्या वाक्याला पाय घसरतो. ‘थांबायला माझी हरकत नाही’ याचं इंग्रजी ‘आय डोन्ट माइंड वेटिंग’. ‘वाचायला मजा येते’ याचं ‘आय एन्जॉय रीडिंग’. ‘सरांनी सायन्स घ्यायला सुचवलं’ याचं ‘सर सजेस्टेड टेकिंग सायन्स’. मराठीत तिन्ही ठिकाणी ‘-ायला’, इंग्रजीत तिन्ही ठिकाणी आयएनजी. ‘एन्जॉय टू रीड’ आणि ‘सजेस्टेड मी टू टेक’ या दोन अस्सल देशी चुकांचा जन्म इथला.

नागपूरकराच्या जिभेवर हिंदीही तितकीच असते, पण या बाबतीत तिची मदत होत नाही. ‘पढ़ना अच्छा लगता है’, ‘पढ़ना छोड़ दिया’, ‘पढ़ना चाहता हूँ’ – हिंदीला तिन्हीकडे एक ‘ना’ पुरतो. इंग्रजी मात्र ‘गेव्ह अप रीडिंग’ आणि ‘वॉन्ट टू रीड’ अशी फारकत करते.

आणखी एक अडथळा खास इकडचा. ‘मी जेवून राहिलो’, ‘तो येऊन राहिला’ ही आपली चालू क्रिया इंग्रजीच्या ‘आय ॲम ईटिंग’, ‘ही इज कमिंग’शी चपखल बसते. त्यामुळे आयएनजी म्हणजे काहीतरी ‘होऊन राहिलं’, असं डोक्यात बसतं. ‘आय एन्जॉय रीडिंग’मध्ये तर आत्ता कोणी वाचून राहिलेलं नाही! हा आयएनजी काळ दाखवणारा नसून नाम करणारा आहे, हे एकदा मनाशी वेगळं केलं की पुढचं सोपं होतं.

कसोटीचे चार प्रत्यय

‘-ायला’ दगा देतो, म्हणून तो बाजूला ठेवू. वाक्य मराठीत जरा वळवून म्हणून पाहायचं आणि क्रियापदाला दुसरं कोणतं शेपूट लागतं ते बघायचं.

पहिलं शेपूट ‘-णं’. ‘त्यानं माझ्याशी बोलणं टाळलं’, ‘बोलणं बंद केलं’, ‘तंबाखू खाणं सोडलं’, ‘जाणं पुढे ढकललं’, ‘काम करणं चालू ठेवलं’. इथे कृती वाक्याचं कर्म आहे, म्हणजे वस्तू आहे. इंग्रजीत आयएनजी: ‘अव्हॉइडेड टॉकिंग’, ‘स्टॉप्ड टॉकिंग’, ‘गेव्ह अप च्यूइंग टोबॅको’, ‘पोस्टपोन्ड गोइंग’, ‘केप्ट वर्किंग’.

दुसरं ‘-ल्याचं’. ‘चोरी केल्याचं कबूल केलं’, ‘तिथे गेल्याचं नाकारलं’, ‘त्याला भेटल्याचं आठवतं’. कृती घडून गेलेली, मागे पडलेली. इंग्रजीत आयएनजी: ‘ॲडमिटेड स्टीलिंग’, ‘डिनाइड गोइंग’, ‘रिमेंबर मीटिंग हिम’.

तिसरं ‘-यचं’. ‘यायचं कबूल केलं’, ‘जायचं ठरवलं’, ‘द्यायचं वचन दिलं’. कृती अजून व्हायची आहे. इंग्रजीत टू: ‘अग्रीड टू कम’, ‘डिसाइडेड टू गो’, ‘प्रॉमिस्ड टू गिव्ह’. इथे ‘कबूल केलं’ हे एकच मराठी क्रियापद दोनदा आलं. ‘आल्याचं कबूल केलं’ आणि ‘यायचं कबूल केलं’ यांत आपण कधी गल्लत करतो का? नाही. इंग्रजीनं त्यासाठी ‘ॲडमिट’ आणि ‘अग्री’ असे दोन शब्द ठेवले आणि एकाला आयएनजी, दुसऱ्याला टू दिला. मराठीनं तेच काम प्रत्ययावर भागवलं.

चौथं ‘-ऊ’. ‘त्याला जाऊ दे’, ‘तो जाऊ शकतो’, ‘तू जाऊ नको’. इंग्रजीत बहुधा नुसतं मूळ रूप, टूसुद्धा नाही: ‘लेट हिम गो’, ‘ही कॅन गो’, ‘डोन्ट गो’. ‘जाऊ इच्छितो’ किंवा ‘जाऊ लागला’ अशा ठिकाणी मात्र टू येऊ शकतो. ‘करायला लावलं’ हे ‘-ायला’ घेऊन येतं, पण इंग्रजीत तेही बिनाटूचं: ‘ही मेड मी वर्क’. ‘मेड मी टू वर्क’ ही चूक इतकी रुळली आहे की पुष्कळांच्या कानाला ती खटकत नाही. गंमत अशी की वाक्य कर्मणी केलं की टू परत येतो: ‘आय वॉज मेड टू वर्क’.

एकच क्रियापद, दोन अर्थ

खरी कसोटी लागते ती दोन्ही रूपं घेणाऱ्या, पण अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांशी. वर्गात इथे सगळ्यांत जास्त रटाळ पाठांतर चालतं. खरं तर मराठीची मदत सगळ्यांत जास्त इथेच होते.

‘स्टॉप’ घ्या. कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खायला थांबलो, हे ‘आय स्टॉप्ड टू ईट तर्री-पोहा’. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तर्री-पोहे खाणं थांबवलं, हे ‘आय स्टॉप्ड ईटिंग तर्री-पोहा’. पहिल्यात पाय थांबले, दुसऱ्यात खाणं. मराठीत ‘थांबणं’ आणि ‘थांबवणं’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, म्हणून आपला गोंधळ होत नाही. इंग्रजीत क्रियापद एकच, त्यामुळे भेदाचा सगळा भार पुढच्या रूपावर पडतो.

‘ट्राय’चंही तसंच. मे महिन्यात कूलर बंद पडला. तुम्ही प्लग बदलून पाहिला: ‘आय ट्राइड चेंजिंग द प्लग’. तो उचलून गॅलरीत न्यायचा प्रयत्न केला, पण उचलेना: ‘आय ट्राइड टू लिफ्ट इट’. प्लग बदलणं हातचं होतं, त्यानं काम होतं का ते बघायचं होतं. उचलणंच जमतं की नाही, हा दुसऱ्या वाक्यातला प्रश्न. ‘-ऊन पाहिलं’ तिथे आयएनजी, ‘प्रयत्न केला’ तिथे टू. हा नियम मराठी माणसासाठी जवळजवळ फुकटचा आहे.

‘रिमेंबर’ आणि ‘फर्गेट’मध्ये दुसरं आणि तिसरं शेपूट कामाला येतं. ‘कुलूप लावल्याचं आठवतं’ म्हणजे ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’. ‘कुलूप लावायचं लक्षात ठेव’ म्हणजे ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’. पहिल्यात कुलूप लागलेलं आहे, दुसऱ्यात लागायचं आहे.

‘रिग्रेट’साठी सरकारी पत्रव्यवहाराकडे बघा. ‘कळविण्यास खेद होतो की आपली निवड झालेली नाही’ हे ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’. बातमी अजून सांगायची आहे. ‘त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप होतो’ हे ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’. सांगून झालं, आता चुटपुट.

‘गो ऑन’: ‘तो बोलतच राहिला’ म्हणजे ‘ही वेंट ऑन टॉकिंग’, ‘मग तो पाणीप्रश्नावर बोलू लागला’, म्हणजे आधीचं संपवून नव्याकडे वळला, तर ‘ही वेंट ऑन टू टॉक अबाउट वॉटर’.

‘लाइक’ला दोन्ही चालतात, पण ‘वुड लाइक’ला फक्त टू. मराठीत ‘आवडतं’ आणि ‘आवडेल’. ‘मला तुमच्याकडे काम करायला आवडेल’ हे मुलाखतीतलं वाक्य ‘आय वुड लाइक टू वर्क विथ यू’ असंच जाईल. ‘आवडेल’ ऐकू आलं की आयएनजीचा विचार सोडायचा.

‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कंटिन्यू’ यांच्यावर वेळ घालवू नका. दोन्ही रूपं चालतात, अर्थात विशेष फरक पडत नाही. दोन आयएनजी लागोपाठ आले की कानाला टोचतं, म्हणून ‘इट इज बिगिनिंग टू रेन’ म्हणतात, इतकंच.

जवळजवळ अपवाद नसलेला नियम

इंग्रजी व्याकरणात जवळजवळ शंभर टक्के चालणारे नियम थोडे. त्यांतला एक इथे आहे: शब्दयोगी अव्ययानंतर क्रियापद आलं की ते आयएनजी घेऊनच येतं. ‘ऑफ’, ‘इन’, ‘फॉर’, ‘विदाउट’, ‘बाय’, ‘अबाउट’, कोणतंही असो. ‘न सांगता गेला’ म्हणजे ‘विदाउट टेलिंग’. ‘जायचा विचार आहे’ म्हणजे ‘थिंकिंग ऑफ गोइंग’. ‘थिंकिंग टू गो’ ही ‘-यचा’वरून थेट उचललेली चूक. इथे ‘-यचा’ असूनही ‘ऑफ’चाच हुकूम चालतो.

फसवणूक होते ती ‘टू’ स्वतःच शब्दयोगी अव्यय असतो तेव्हा. ओळखायचं कसं? त्याच्यापुढे एक साधं नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडेज’ हे वाक्य उभं राहतं. म्हणजे हा ‘टू’ नामाला घेणारा आहे, म्हणून क्रियापदही नाम होऊन, आयएनजी घेऊन यायला हवं. ‘आय वॉन्ट टू द हॉलिडेज’ हे वाक्य पडतं. म्हणजे हा ‘टू’ क्रियापदाचा. ‘ऑब्जेक्ट टू’ आणि ‘कन्फेस टू’ हेही या कसोटीवर आयएनजीच्या बाजूला जातात.

‘यूज्ड टू’ दोन्ही घरचा. ‘मी महालात राहायचो’ हे ‘आय यूज्ड टू लिव्ह इन महाल’. पंचेचाळीस अंशांत काम करायची सवय आहे, हे ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग इन द हीट’. ‘राहायचो’ ही संपलेली गोष्ट, ‘सवय आहे’ ही आजची. आजच्या सवयीच्या वाक्यात आधी ‘ॲम’, ‘इज’ किंवा ‘आर’ असतं. ते दिसलं की पुढे आयएनजी.

‘-साठी’चीही एक चूक इथेच निस्तरू. ‘संत्री घेण्यासाठी कळमन्याला गेलो’ याचं ‘आय वेंट टू कळमना फॉर बाइंग ऑरेंजेस’ होत नाही. माणूस एखाद्या हेतूनं काही करतो, तेव्हा इंग्रजीला टू हवा: ‘टू बाय ऑरेंजेस’. वस्तू कशाच्या उपयोगाची ते सांगताना मात्र ‘फॉर’ चालतं: ‘अ नाइफ फॉर कटिंग फ्रूट’.

कसोटी जिथे थकते

मराठीचे प्रत्यय सगळीकडे हात देतात असं नाही. ‘झोपल्याचं सोंग केलं’ यात ‘-ल्याचं’ आहे, तरी इंग्रजीत ‘प्रिटेंडेड टू बी अस्लीप’. ‘पाहिल्याचा दावा केला’ हे ‘क्लेम्ड टू हॅव सीन’. सोंग आणि दावा यांत घडल्याची खात्री नसते, कदाचित म्हणून.

‘-ण्याचा’ आणि ‘-यचा’ यांच्यापुढे नाम आलं की नामाचा अर्थ बघावा लागतो. ‘बोलण्याचा सराव’ म्हणजे ‘प्रॅक्टिस स्पीकिंग’, ‘पैसे गमावण्याचा धोका पत्करला’ म्हणजे ‘रिस्क्ड लूजिंग मनी’, पण ‘जाण्याचा निर्णय’ म्हणजे ‘डिसाइड टू गो’.

‘ॲडव्हाइज’, ‘अलाव’ आणि ‘परमिट’ यांच्यात माणूस आला की टू, नाही आला तर आयएनजी. ‘दे अलाव अस टू पार्क हिअर’, पण ‘दे डोन्ट अलाव पार्किंग हिअर’. ‘सजेस्ट’ला मात्र माणूस आला तरी टू चालत नाही. तिथे ‘सजेस्टेड दॅट आय टेक सायन्स’ असं वाक्य फोडावं लागतं.

अशा जागी शब्दकोशाला पर्याय नाही आणि शब्दकोशाचा हा उपयोग आपल्याकडे फार थोडे लोक करतात. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ मध्ये जपानला शिकवायला गेले. परक्या भाषेतून इंग्रजीत येणाऱ्याला शब्दाचा अर्थ कळून पुरत नाही, तो वाक्यात बसवायचा कसा हेही सांगावं लागतं, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी क्रियापदांच्या रचनेचे २५ साचे ठरवले आणि आपल्या कोशात क्रियापदांपुढे त्यांचे क्रमांक दिले. हा कोश १९४२ मध्ये जपानात निघाला, १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं तो काढला. आज आपल्याकडे घरोघरी दिसणारी ऑक्सफर्डची ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ त्याच घराण्यातली. तिच्यात ‘अव्हॉइड’ काढा, ‘अव्हॉइड डूइंग समथिंग’ असा साचा छापलेला दिसेल; ‘रिफ्यूज’ काढा, ‘रिफ्यूज टू डू समथिंग’. अर्थ वाचून पान मिटू नका, ही ओळही वाचा.

सरावासाठी १९११ साली नागपुरात सुरू झालेल्या ‘द हितवाद’ या इंग्रजी वृत्तपत्राचं एक पान पुरेल. हातात पेन्सिल घ्या. एका क्रियापदामागून दुसरं आलं की दोन्हींखाली रेघ ओढा आणि समासात त्याचं मराठी लिहा, पण ‘-ायला’ न वापरता. ‘डिनाइड टेकिंग’ दिसलं की ‘घेतल्याचं नाकारलं’, ‘डिक्लाइन्ड टू कमेंट’ दिसलं की ‘बोलायचं नाकारलं’. दोन ‘नाकारलं’, दोन प्रत्यय, दोन इंग्रजी रूपं. अशा पंधरा-वीस जोड्या झाल्या की यादी पाठ करायची गरज उरत नाही.

जे कसोटीत बसत नाही, ते तसंच उचलायचं. ‘ती खुर्ची’ आणि ‘तो पंखा’ का, हे आपल्याला कोणी समजावलं नव्हतं; शब्द लिंगासकट तोंडात आला. इंग्रजी क्रियापदही त्याच्या शेपटासकट शिका. वहीत नुसतं ‘सजेस्ट’ लिहू नका, ‘सजेस्ट डूइंग’ लिहा. नुसतं ‘प्रिटेंड’ नको, ‘प्रिटेंड टू डू’ लिहा. बाकीचं बरंचसं काम तुमची मराठी करेल.